जंभेरीची फूट

कापणीच्या सणाचा लिलाव हा चर्चमधला एकच प्रसंग असा, की जिथे पास्टरसाहेबांच्या देखत मोठ्याने ओरडलेलं चालतं. नोव्हेंबरातला रविवार होता. उपासना आटोपलेली, आणि वेदीपुढच्या पायऱ्यांवर भंडाऱ्याकडच्या नव्या धानाची पेंडी, वालाच्या शेंगा, कोहळं, अंड्यांचे दोन ट्रे आणि पाय बांधलेला एक चिडका कोंबडा असा सगळा पसारा. त्यात वेताची एक टोपली होती, पिवळ्याधमक फळांनी शिगोशीग भरलेली. एका निवृत्त शिक्षकांनी आणलेली. घरच्या अंगणातल्या झाडाचं हे पहिलंच फळ. पहिलं फळ देवाचं, म्हणून घरात कुणी एकसुद्धा चाखलेलं नव्हतं. बोली पुकारणाऱ्या पोराने एक फळ उचललं, नाकाशी नेलं आणि तो जरा थबकला. तेवढ्यात मागच्या बाकावरून काटोलकडचे एक बागायतदार बोलले, “हे संत्र नाही जी, जंभेरी हाय!” सगळं देऊळ हसलं. सरही हसले, थोडे उशिरा. मग कुणाला उद्देशून म्हणावं तसं नाही, पण पुटपुटले, “कलम आणलं होतं हो. सहा वर्षं पाणी घातलं.”

हसणं ओसरलं, टोपलीची बोली लागली, कोंबडाही विकला गेला. ते वाक्य मात्र तिथेच राहिलं.

सहा वर्षं पाणी घातलं ते कुणाला? ज्याने विदर्भातली एखादी संत्र्याची नर्सरी जवळून पाहिली आहे त्याला उत्तर ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते हसणं घशाशी अडकतं. संत्र्याचं झाड हे एक झाड नसतंच. खाली जंभेरी, म्हणजे जाड सालीचं आंबट रानलिंबू, आणि वर संत्रा. जंभेरीच्या ताज्या बिया पेरायच्या. वाळल्या की त्या उगवत नाहीत. एकाच बीतून दोन-तीन रोपं निघतात, त्यांतली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, आणि नर्सरीवाला फार उंच, फार खुजी, वेगळ्या पानाची अशी रोपं निवडून उपटून टाकतो. वर्षभराने खोड पेन्सिलीइतकं जाड झालं, की थंडीत त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे अजून न फुटलेला कोंब, बांधतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, उभी चीर इंचभर, तीही फक्त सालीपुरती. चाकू लाकडात गेला तर काम बिघडलंच. मग चांगल्या, वर्षानुवर्षं गोड फळ दिलेल्या संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा काढायचा, मधोमध एक डोळा असलेला. तो चिरेत वरून खाली सरकवायचा, आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायचं. घट्ट म्हणजे किती, हे हाताला कळतं. सैल बांधलं तर आत पाणी शिरून डोळा सडतो. काडी आदल्या दिवसाची, वाळलेली असेल तर साल चिकटतच नाही. खुंटाला, म्हणजे खालच्या जंभेरीला, पाणी कमी पडलं असेल तर त्याची साल लाकडापासून सुटत नाही, आणि जबरदस्तीने सोडवली तर फाटते. पंधरा-वीस दिवसांनी पाहायचं. डोळा हिरवा असेल तर लागला. तपकिरी, सुरकुतलेला असेल तर गेला. लागल्यावर जंभेरीचा शेंडा टप्प्याटप्प्याने छाटायचा, म्हणजे वर चढणारा रस त्या एका डोळ्याकडे वळतो.

नखाएवढ्या सालीच्या तुकड्यातून पुढची पंचवीस वर्षं उतरायची असतात. त्या तुकड्याला मूळ नाही, पान नाही, साठवलेलं अन्न जवळजवळ नाहीच. त्याच्यापाशी असतो तो फक्त स्वभाव.

आपल्या भाषेत इथे एक गंमत आहे. माणसाचा डोळा फुटला म्हणजे तो आंधळा झाला, आणि कलमाचा डोळा फुटला म्हणजे कलम जगलं. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात कलमावर लिहिणारा पौल या दोन्ही अर्थांतून गेलेला माणूस. दिमिष्काच्या वाटेवर दृष्टी गेली, तीन दिवस अन्नपाणी नाही, आणि मग हनन्याने हात ठेवल्यावर डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी गळून पडलं. त्या तीन दिवसांत त्याच्या आत नेमकं काय बदललं, हे पवित्र शास्त्र सांगत नाही. पट्टीच्या आत काय चाललंय हे नर्सरीवालाही सांगू शकत नाही. कुतूहलाने पट्टी सोडून पाहिली, की डोळा हमखास जातो. मार्काच्या शुभवर्तमानात बी पेरणारा माणूस रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही, आणि जमीन आपोआप पीक देते. ते ‘आपोआप’ फार कमी लोक सहन करू शकतात. उपासनेला नवीन आलेल्या माणसाची दर आठवड्याला पट्टी सोडून पाहणारी मंडळी प्रत्येक मंडळीत असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

सरांच्या अंगणात काय झालं असेल, ते झाड पाहिल्यावर ओळखणं कठीण नव्हतं. कलम लावलं तेव्हा खड्डा चांगला अडीच फुटांचा घेतला होता, शेणखत होतं, निंबोळी पेंडही होती. चूक मायेपोटी झाली. पहिल्या पावसात रोप कललं, म्हणून बुंध्याशी माती चढवली आणि वर विटांचा आळा केला. कलमाचा जोड मातीखाली गेला. जोड नेहमी जमिनीच्या वर वीतभर मोकळा, वाऱ्यात राहिला पाहिजे, कारण संत्र्याची साल ओल्या मातीला टेकली की तिथे बुरशी शिरते, साल कुजते, डिंक पाझरायला लागतो. आमच्याकडे त्याला डिंक्या म्हणतात. पुढच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला आणि आधीच अर्धवट सोललेली ती काडी वाळली. सरांनी पाणी वाढवलं. जूनमध्ये बुंध्यातून फूट आली. जाड, सरळ, तजेलदार. घरात आनंद झाला, झाड जगलं म्हणून.

झाड जगलंच होतं. संत्रा मेला होता.

खुंटाची फूट ओळखायला शिकणं म्हणजे निम्मी बागाईत. ती जोडाच्या खालून निघते, ही पहिली खूण. पण जोड गाडला गेला असेल तर ती खूणच नाहीशी होते. मग पानं पाहायची. संत्र्याचं पान निमुळतं, गर्द, भाल्याच्या पात्यासारखं. जंभेरीचं थोडं रुंद, फिकट हिरवं, आणि कोवळ्या पालवीवर जांभळट झाक. काटे लांब. फुलं आलीच तर कळीच्या पाठीवरही जांभळा रंग दिसतो. संत्र्याचं फूल शुभ्र असतं. हे सगळं गोंधळात टाकत असेल तर पान चुरगाळून वास घ्यायचा. जंभेरीच्या पानाला लिंबाचा तिखट वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. काही बागायतदार झाडाजवळ गेले की सवयीने एक पान चुरगाळतात, देवळात शिरताना चपला काढाव्यात तसं, विचार न करता.

गोष्टीतली खरी मेख मात्र जोमाची आहे. खुंटाची फूट संत्र्याच्या फांदीपेक्षा नेहमीच जास्त जोमाने वाढते. मूळ तिचंच, रस तिचाच, मध्ये कसला जोड नाही, अडथळा नाही. वाढ पाहून निवड करायची ठरवली तर माणूस दरवेळी जंभेरीच निवडेल. मंडळीत आणि स्वतःतही आपण बहुतेक वेळा हेच करतो. ज्या गोष्टीत अंगभूत जोर आहे, ज्या झरझर वर येतात, त्यांना आपण वरदान म्हणून मोकळे होतो. कुणाचा आवाज चढा असतो, कुणाचं संघटन दांडगं, कुणाचा राग भल्या कारणासाठी असतो. पानं हिरवीगार दिसतात. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची यादी येते, प्रीती, आनंद, शांती आणि पुढची. तिच्यातलं एकही पानांवरून ओळखता येत नाही.

ती फूट काढायचीही रीत आहे. विळ्याने छाटली तर तळाशी सालीत झोपलेले डोळे जागे होतात आणि एकाच्या चार होतात. म्हणून ती कोवळी, करंगळीपेक्षा बारीक असतानाच अंगठ्याने खाली दाबून मुळासकट फाडून काढायची, तिच्या टाचेसह. फाडलेल्या जागी पुन्हा फूट क्वचित येते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक फेरी पुरते, अर्ध्या मिनिटाचं काम. वर्षभर राहिली तर कुऱ्हाड लागते, आणि जखमही तेवढीच मोठी होते. झाडून-सजवून ठेवलेल्या रिकाम्या घरात एकाच्या जागी सात घेऊन परतणाऱ्या अशुद्ध आत्म्याची गोष्ट मत्तयात आहे, ती विळ्याने छाटणाऱ्यांसाठी सांगितल्यासारखी वाटते. जोडावर नवा डोळा असेपर्यंतच फूट काढण्याला अर्थ आहे, हेही त्याच गोष्टीत आलं. नुसताच खुंट ठेवला आणि फुटी काढत राहिलं, तर एक दिवस खुंटही मरतो.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात माळी दोन कामं करतो. फळ न देणारा फाटा काढून टाकतो, आणि फळ देणाऱ्याला अधिक फळ यावं म्हणून साफसूफ करतो. तिथल्या मूळ ग्रीकमध्ये छाटणे आणि शुद्ध करणे हे एकाच धातूवरून येतं. आपल्या ‘साफसूफ’मध्ये ते नकळत उतरलंय. विदर्भातल्या बागेत मात्र तीन प्रकारचं लाकूड काढावं लागतं, आणि या तिसऱ्याने उपदेशकाची पंचाईत होते. फळं उतरल्यावर वाळलेल्या काड्या काढतात, त्याला सल काढणं म्हणतात. सल कापताना थोडं हिरव्या लाकडात जाऊन कापावं, नाहीतर मर खाली उतरत राहते. दुसरी, खुंटाची फूट. आणि तिसरा पानसोट. तो जोडाच्या वरून, खऱ्या संत्र्यावरूनच निघतो. कोनदार, जाडजूड, मोठ्या पानांचा, आणि भाल्यासारखा थेट आभाळाकडे. जात अस्सल, वंश शुद्ध, फळ मात्र नाही. झाडाच्या मध्यात शिरून उजेड अडवतो आणि फळाच्या फांद्यांचा रस ओढतो. सल काढताना हात चालतो. पानसोट काढताना थांबतो, कारण झाडावरची सगळ्यात देखणी फांदी तीच असते. वचन पाठ असलेला, तिसऱ्या पिढीचा, बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात जपून ठेवलेला माणूस या फांदीकडे पाहून थोडा अस्वस्थ झाला, तर ते चांगलंच.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात चार जमिनी आहेत. वाटेची, खडकाळ, काटेरी आणि चांगली. नागपूरची काळी जमीन यांतल्या कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. खोल, कसदार, पाणी धरून ठेवणारी. वाचताना चांगलीच वाटते. पण पावसाळ्यात ती फुगते, मधल्या पोकळ्या मिटतात, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड भर पाण्यात गुदमरतं. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. त्यात चुनखडी असली तर लोह असूनही झाडाला मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं पडतं. 1845 साली इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून उभं आहे, ते शुभवर्तमानासोबत इथले दगडही वाचत. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांतून त्यांनी झाडांच्या फळाबियांचे जीवाश्म गोळा केले होते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबून गेलेलं, कुणी न चाखलेलं फळ. त्याच लाव्ह्याची झीज होऊन आजची काळी माती झाली. जमीन चांगली असणं पुरत नाही, तिच्यातलं जादा पाणी निघून जायला वाटही हवी. हा पाचवा प्रकार दाखल्यात नाही, बहुधा गालीलात त्याची गरज पडली नसावी. अंगणातलं झाड थोडं उंचवट्यावर लावावं, आणि आळं दुहेरी करावं. बुंध्याभोवती आतलं कोरडं कडं, पाणी बाहेरच्या कड्यात, पानांच्या सावलीच्या काठाशी. अन्न घेणारी बारीक मुळं तिथेच असतात. खोडावर पाणी ओतणं म्हणजे तहानलेल्याच्या डोक्यावर तांब्या उपडा करणं.

खोडाला लावायचं ते बोर्डो मलम. घरच्यापुरतं करायचं तर शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये वेगळा विरवून, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं. लोखंडी चाकूचं पातं मिनिटभर बुडवून पाहायचं, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. शहरात मात्र बऱ्याच ठिकाणी नुसता चुना फासून वर गेरूचा पट्टा ओढतात. ऊन थोडं परततं, हे खरं. पण मोरचुदाशिवाय बुरशीला काही होत नाही आणि चुन्याखाली डिंक पाझरत राहतो. चुना लावलेल्या कबरांबद्दल प्रभू काय म्हणाला, ते इथे वेगळं सांगायला नको. नाताळच्या आठवड्यात कंपाउंडातली सगळी झाडं एका रांगेत पांढरी झालेली पाहिली की ते वचन आठवतं, आणि रंगाऱ्याचा काही दोष नसतो.

नाताळवरून ताणाची गोष्ट निघते. आंबिया बहारासाठी, म्हणजे फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडतात, तो ताण. मध्यम जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड पाहवत नाही. मग जानेवारीत हलकं पाणी, आणि फेब्रुवारीत सगळं अंगण फुलांच्या वासाने जड होतं. ताण न बसलेलं झाड मन मानेल तेव्हा चार फुलं देतं आणि उरलेली ताकद पानांत घालतं. घरच्या झाडाला ताण बसत नाही, कारण मोरीचं पाणी तिकडेच सोडलेलं असतं. शिवाय कोमेजलेलं झाड पाहून घरातलं कुणीतरी हळूच बादलीभर ओततंच. आपण केक कापत असतो तेव्हा अंगणात झाडाचा उपवासकाळ चालू असतो. चाळिसाच्या आसपासचा आकडा जुळतो म्हणून लगेच अर्थ लावायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. चार-पाच वर्षांखालच्या, किंवा डिंक लागलेल्या झाडाला ताण देत नाहीत. ते झाड फुलत नाही, मरतं. दुःखात असलेल्या घरी जाऊन ‘देव तुम्हाला साफसूफ करतोय’ असं सांगणाऱ्यांनी आधी झाडाचं वय आणि खोड पाहून घ्यावं.

आता पौलाकडे परत यायला हवं, कारण एवढा वेळ एक अडचण बाजूला ठेवली होती. आपण रानटी खुंटावर गोड डोळा बांधतो. पौलाचं कलम नेमकं उलटं आहे. त्याच्या रूपकात मूळ पवित्र, झाड अस्सल जैतुनाचं, आणि बाहेरून आणून लावलेली फांदी रानटी; ती फांदी म्हणजे आपण. कुठल्याही माळ्याला विचारा, रानजैतुनाची फांदी रानजैतुनाचंच फळ देणार. मुळाने फळ बदलत नाही. काही भाष्यकार सांगतात की थकलेल्या जुन्या जैतुनाला चेतवण्यासाठी रानजैतुनाची काडी लावायची चाल त्या काळी होती. असेल. पण पौल स्वतःच पुढे लिहितो की हे निसर्गाविरुद्ध आहे. त्याला बागकाम ठाऊक नव्हतं असं मानण्यापेक्षा, ठाऊक असूनच त्याने उलटं लिहिलं असं वाचलं तर तो अध्याय भलताच धीट वाटतो. निसर्गनियमाने आपल्याला जंभेरीच लागायला हवी. नाही लागत, ती कृपा. लगेच पुढचा इशाराही आहे, की फांद्यांनी तोरा मिरवू नये, मूळ फांदीला धरून आहे. संत्र्याच्या झाडापुढे उभं राहून हे दोन्ही एकदम मनात धरणं सोपं नाही. एकाच वेळी आपण कडू मूळही असतो आणि रानटी फांदीही. दोन रूपकं एकावर एक ठेवली की कडा जुळत नाहीत, आणि त्या जुळवून देणाऱ्या प्रवचनाचा थोडा संशयच येतो.

आणि जंभेरीला इतकं वाईट का म्हणायचं? इथला बहुतेक संत्रा तिच्याच मुळांवर उभा असतो. त्या दिवशी टोपली विकत घेतली ती एका आजींनी. “मले दे, लोणचं घालतो,” म्हणाल्या आणि अडीचशेला बोली संपली. जाड सालीचं लोणचं चांगलं होतं. बिया तेवढ्या निवडून काढायच्या, एक बी राहिली तरी बरणी कडवट होते, आणि मिठात पंधरा-वीस दिवस साल मुरेपर्यंत तिखटाला हात लावायचा नाही.

सरांचं झाड तोडा, असं चौघांनी सांगितलं. काटोलकरांनी नाही सांगितलं. लिलावात सगळ्यांत मोठ्याने हसवणारे तेच. तेच फेब्रुवारीत करवत घेऊन आले. आधी बुंध्याची माती हाताने उकरून मूळ खोड मोकळं केलं. मग सहा वर्षांचं ते डेरेदार झाड कमरेइतक्या उंचीवर कापलं आणि कापलेल्या तोंडाला मलम लावलं. लूकमधल्या अंजिराच्या माळ्याने एवढं वर्ष राहू द्या म्हणून मुदत मागितली होती, भोवती खणून खत घालायची. इथे शब्द फारसे झाले नाहीत. काकू दारात उभ्या होत्या. “एवढी सावली होती,” इतकंच त्या म्हणाल्या. मार्चमध्ये ठुंठातून वीस-पंचवीस फुटी आल्या, त्यांतल्या चार दिशांच्या चार ठेवून बाकीच्या फाडल्या. त्या पावसाळाभर वाढू दिल्या. डिसेंबरात पेन्सिलीएवढ्या झाल्यावर प्रत्येकीवर एकेक डोळा बांधला. काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून काटोलहून आणल्या होत्या. या वर्षी कापणीच्या सणाला सरांनी नारळ दिला.

चारांपैकी एक डोळा दहाव्या दिवशीच काळा पडलेला बाहेरून दिसत होता. उरलेल्या तिघांवर पट्टी आहे. आज सतरावा दिवस. काकूंनी झाडाभोवती जुन्या साडीचा आडोसा बांधलाय, आणि सर रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभे असतात, एक हात मुद्दाम मागे धरून.